पाऊस पत्र्यावर, समुद्र माजघरात

आमच्या औंढा नागनाथहून कुठल्याही दिशेला निघालात, तरी चारशे किलोमीटरांच्या आत समुद्र लागत नाही. इथल्या माणसाला समुद्र माहीत असतो तो भूगोलाच्या पुस्तकातला, सिनेमातला, नाहीतर मुंबईला नोकरीला गेलेल्या भाच्याच्या लग्नाच्या निमित्ताने पाहिलेला. पाणी म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे येते ती विहीर, बोअर, सिद्धेश्वर धरणाचा कालवा आणि उन्हाळ्यात टँकर. अशा गावात, नागनाथाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, मी गेलं वर्षभर घरात समुद्र आणण्याच्या खटपटीत आहे. शोभेचे चार लाल मासे सोडायची काचपेटी नव्हे. खऱ्या खाऱ्या पाण्याची, खडकांची, प्रवाळाच्या किनाऱ्यासारखी दिसणारी टाकी. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. ‘साहेबांनी बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजले, आता पाणी मोजायला बसलेत,’ असं पारावर कोणीतरी म्हणालं. ते खरंच आहे.

या खुळामागचं कारण आधी सांगतो. १९८४ साली मी बँकेत नवा असताना माझी बदली मालवणला झाली. मराठवाड्यातला मुलगा, उसाच्या रसाशिवाय दुसरं गोड पाणी ठाऊक नाही आणि मिठाशिवाय दुसरं खारट. ज्या घरात मी भाड्याने राहत होतो त्या घरमालकांची पुतणी पुढे माझी बायको झाली. तिने मला पहिल्यांदा समुद्र दाखवला, तो किनाऱ्यावर उभं राहून पाहायचा समुद्र नव्हे. अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला पाणी मागे सरलं की खडकांच्या खळग्यांत डबकी उरतात, त्यांतला समुद्र. हाताच्या तळव्याएवढ्या पाण्यात खेकडे, शेवाळं, फुलासारखी उमलून बोट लावताच मिटणारी समुद्रफुलं, आणि कुठे कुठे दगडासारखं दिसणारं पण जिवंत असणारं प्रवाळ. ‘ह्यो दगड न्हय हां, जित्तो आसा,’ ती म्हणाली होती. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा तो सागरी भाग १९८७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तेव्हा आमचं लग्न होऊन एक वर्ष झालं होतं आणि माझी बदली नांदेडला झाली होती.

त्यानंतर उमरगा, यवतमाळ, बीड, लातूर. दर तीन वर्षांनी ट्रंका बांधायच्या. प्रत्येक बदलीच्या वेळी मी तिला एकच वचन देत असे : ‘रिटायर झाल्यावर मालवणात दोन खोल्या घेऊ.’ मी २०२० साली निवृत्त झालो. ते वर्ष कसं होतं हे वाचकांना सांगायला नको. इकडे आई नव्वदीच्या उंबरठ्यावर, वडिलोपार्जित घर, थोडीशी जमीन. आम्ही औंढ्याला आलो आणि इथलेच झालो. पुढे हिचे गुडघे दुखू लागले आणि सहाशे किलोमीटरांहून जास्त प्रवास करून माहेरी जाणंही मागे पडलं. तिने कधी तक्रार केली नाही. पण बँकेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला थकीत खातं कोणतं ते कोणी सांगावं लागत नाही. आमच्या देवळाच्या परिसरात ऋणमोचन नावाचं तीर्थ आहे. तिथे रोज फिरायला जाताना त्या नावाकडे पाहून मला ओशाळल्यासारखं व्हायचं. वचन देऊन चौतीस वर्षं झाली होती आणि मुद्दलातला एक पैसाही फिटलेला नव्हता.

मग ठरवलं, बायकोला समुद्राकडे नेता येत नाही, तर समुद्राला घरी आणू.

आधी नळ, मग मासे

माणसं घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायला लागली त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिलं मत्स्यालय उघडलं. आपल्या मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चं. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्याचं उद्घाटन केलं होतं. आमच्या पिढीने मुंबईदर्शनात राणीचा बाग आणि तारापोरवाला एकाच दिवशी उरकलेलं आहे. पण तिथे समोरच समुद्र. समुद्रापासून दूर प्रवाळ जगवायचं तंत्र पुष्कळ उशिरा आलं. इंडोनेशियातल्या ली चिन एंग या गृहस्थांनी १९६१ साली लिहून दाखवलं, की समुद्रातला सच्छिद्र खडक टाकीत ठेवला आणि पाणी हवेच्या बुडबुड्यांनी खेळतं ठेवलं, तर तो खडकच पाणी साफ करतो. पुढच्या लोकांनी त्यावर पंप, दिवे, गाळण्या चढवल्या. पण मूळ गोष्ट तीच राहिली : टाकीत मासे पाळायचे नसतात, पाणी पाळायचं असतं. पाणी जगलं की मासे आपोआप जगतात.

हे मला कळलं ते बरीच पुस्तकं चाळल्यावर. आधी माझीही कल्पना होती की काचेची टाकी आणायची, पाण्यात मीठ कालवायचं आणि मासे सोडायचे. नळजोडणीचा विचार नंतर. तो उलटा क्रम आहे. नामदेवांसाठी आमचं देऊळ फिरलं अशी कथा आहे. पण काचेची टाकी एकदा भरली की कोणासाठीही फिरत नाही. चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच अशा टाकीत साडेचारशे लिटर पाणी मावतं. पाणी, काच आणि दगड मिळून वजन सहाशे किलोच्या वर जातं. म्हणून भोक कुठे पाडायचं, नळी कुठून न्यायची, तोटी कुठे बसवायची, हे सगळं कोरड्या टाकीपाशी बसून ठरवायचं.

माझी वही तेव्हापासून सुरू झाली. पहिल्या पानावर मी तीच चार फुटी टाकी काढली होती. ती पाहून हिने चष्मा लावला, आकडे वाचले आणि विचारलं,

‘अहो, हे पाणी कुठून आणणार?’

‘बोअरचं. ते गाळून घ्यावं लागेल.’

‘शेजारी टँकरची वाट बघतात, आणि तुम्ही चांगलं गोडं पाणी घेऊन ते पैसे देऊन खारट करणार?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने पुढे काहीही म्हटलं नाही. वही मिटून टेबलावर ठेवली आणि ती भाजी निवडायला गेली.

पाण्याची जमाखर्च वही

या प्रश्नाचं वजन मला इतरांपेक्षा जास्त वाटायला एक कारण होतं. एप्रिल २०१६ मध्ये मी लातूरला होतो. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ते दिवस मी पाहिलेले आहेत. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी. शाखेत येणारा माणूस कर्जाच्या हप्त्याआधी पाण्याचं बोलायचा. घरी आम्ही भांडी विसळलेलं पाणी झाडांना, अंघोळीचं पाणी संडासला, असं करून दिवस काढले. ज्या बाईने तो उन्हाळा माझ्याबरोबर काढला, तिला साडेचारशे लिटरची हौस सांगताना मला संकोच वाटायला हवा होता.

प्रश्न नुसता टाकी भरण्यापुरता नव्हता. आमच्या बोअरचं पाणी जड. त्यातल्या क्षारांचं मोजमाप करणारी छोटी पेनासारखी काडी मिळते. तिने आकडा दाखवला ९००. समुद्रातल्या जिवांना हे पाणी चालत नाही. कारण त्यातले क्षार हे आपल्या जमिनीचे. त्यांत समुद्राचं मीठ मिसळलं तर प्रमाणच बिघडतं. त्यामुळे आधी पाणी जवळजवळ क्षारमुक्त करून घ्यायचं आणि मग त्यात हिशेबाने मीठ घालायचं. त्यासाठी घरोघरी असतं तसं आरओ यंत्र वापरतात. पण हे यंत्र एक बादली शुद्ध पाणी देताना साधारण तीन बादल्या बाहेर टाकतं. त्या टाकलेल्या पाण्यात क्षार आणखी वाढलेले, ९०० चे १२०० झालेले. ‘त्याने कपडे धुऊ,’ मी म्हणालो. ‘आधीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही,’ ही म्हणाली. तिचं बरोबर होतं.

मी नवं पान उघडलं आणि मांडायला बसलो. आधी टाकी लहान केली : तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. तिची क्षमता १९० लिटर. खालची गाळणटाकी धरून एकूण फिरतं पाणी सव्वादोनशे लिटर. दर पंधरवड्याला त्यातलं दहावा हिस्सा पाणी बदलायचं; वर्षाचे झाले सुमारे ५७० लिटर. शिवाय रोज हवेत उडून जाणारं पाणी, सरासरी दोन लिटर, वर्षाचे ७३०. सगळी बेरीज पंधराशे लिटरच्या घरात. यंत्रातून काढायचं म्हटलं तर त्याच्या चौपट, म्हणजे सहा हजार लिटर बोअरचं पाणी उपसावं लागणार. एका लहान टँकरएवढं. बँकेत असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी नामंजूर केला असता.

मग एका जुलैच्या संध्याकाळी पाऊस सुरू झाला. समोरच्या ओसरीच्या पत्र्याची पन्हळ भरून वाहायला लागली आणि माझं लक्ष त्या धारेकडे गेलं. बादली लावली, दहा मिनिटांनी काडी बुडवून पाहिली. आकडा १८. नऊशे कुठे आणि अठरा कुठे! जे पाणी करण्यासाठी मी यंत्र विकत घेणार होतो, ते आभाळातून फुकट पडत होतं आणि गटारात जात होतं.

हिशेब सोपा आहे, वाचकांनी आपल्या घरापुरता करून पाहावा. आमच्या पुढच्या भागाचं छत ६०० चौरस फूट, म्हणजे जवळपास ५६ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटर धरला, तर त्या छतावर ४४ हजार लिटरांहून अधिक पाणी पडतं. उडून, सांडून, पहिल्या धुवणाचं सोडून पाचवा हिस्सा वजा केला तरी ३५ हजार लिटर उरतं. माझी गरज पंधराशेची. पाच हजार लिटरची एक काळी टाकी दोन-तीन चांगल्या पावसांत भरते. त्यातलं पंधराशे समुद्राचं आणि साडेतीन हजार घराचं. समुद्राच्या नळजोडणीची सुरुवात अशी काचेच्या टाकीपासून झाली नाही, पन्हळीपासून झाली.

त्यातही बारकावे होते. छताला जस्ताचा पत्रा असेल तर त्याचा अंश पाण्यात उतरतो आणि तो समुद्री जिवांना चालत नाही. म्हणून ओसरीच्या पत्र्याचं पाणी बाजूला काढलं आणि फक्त सिमेंटच्या गच्चीचं घेतलं. पहिल्या दोन पावसांचं पाणी धूळ, पाखरांची घाण घेऊन येतं. ते सोडून द्यायला वेगळी तोटी. मग कोळशाची गाळणी, आणि शेवटी राळेचे दाणे भरलेली नळी, जी उरलेसुरले क्षार शोषून घेते. या राळेच्या नळीची गंमत अशी, की ती पाणी वाया घालवत नाही. पाणी आधीच हलकं असल्याने राळ लवकर संपतही नाही. टाकी काळी घेतली, कारण उजेड लागला की शेवाळं धरतं.

हिला हे सगळं वहीत दाखवलं. तिने शेवटचा आकडा पाहिला. ‘साडेतीन हजार घराला?’ ‘हो.’ ‘मग करा,’ ती म्हणाली. मंजुरीचा शेरा एवढाच.

वरचं पाणी खाली, खालचं वर

आता नळजोडणी. आमचं मागचं घर जुनं, जाड भिंतींचं. माजघराला लागून धान्य साठवायचं बळद आहे. त्यात धान्य पडत नाही त्याला वीस वर्षं झाली. टाकी माजघरात आणि गाळणटाकी भिंतीपलीकडे बळदात, असा बेत ठरला. दोन फूट जाडीच्या भिंतीमुळे ती खोली मेच्या उन्हातही थंड असते, हा मोठाच फायदा.

पाण्याचा प्रवास असा. वरच्या टाकीच्या मागच्या काचेला एक खाचांची कड. पाणी कडेवरून ओसंडून मागच्या कप्प्यात पडतं. पृष्ठभागावर साचणारा तेलकट थर त्याबरोबर निघून जातो. कप्प्यातून दीड इंची नळीने पाणी खाली गाळणटाकीत. तिथे आधी एक लोकरीची पिशवी, जी मोठा कचरा अडवते. मग फेस काढायचं यंत्र. याचं काम समजावून सांगायला मला पुस्तकाची गरज पडली नाही. गुऱ्हाळात काहिलीत रस उकळताना मळी फेसाबरोबर वर येते आणि ती झाऱ्याने काढतात, तेच तत्त्व. इथे उकळण्याऐवजी हवेचे अतिबारीक बुडबुडे सोडतात. माशांची विष्ठा, उरलेलं अन्न यांतली द्रव्यं बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि वाटीत तपकिरी पाणी जमतं. घाण सडण्याआधीच काढून घ्यायची. शेवटी पंप, तो एक इंची नळीने पाणी परत वर चढवतो. तासाला साऱ्या पाण्याच्या पाच-सहा फेऱ्या व्हाव्यात इतका. पंपाच्या खोक्यावर लिहिलेला आकडा सपाटीवरचा असतो. पाणी पाच फूट चढवायचं आणि मध्ये चार कोपरे, म्हटल्यावर त्यात बरीच घट येते. ढोबळ नफा आणि निव्वळ नफा यांत असतो तसा फरक.

खाली जाणारी नळी एक पुरत नाही, दोन हव्यात. पहिली रोजची. दुसरी तिच्याहून इंचभर उंच, एरवी कोरडी. पहिलीत गोगलगाय किंवा शेवाळ्याचा बोळा अडकला तर पाणी दुसरीतून जातं. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात. त्यामागचं शहाणपण हेच, की एकाच वस्तूवर सगळा भरवसा टाकायचा नाही.

आमच्या गावचा नळजोडणी करणारा मुलगा हुशार. पण त्याने भिंतीतून काढायच्या जोडासाठी चकचकीत पितळी तोट्या आणल्या. ‘साहेब, पितळ पिढ्यान् पिढ्या टिकतं. प्लास्टिकचं काय खरं?’ त्याला सांगितलं, पितळेत तांबं असतं, आणि तांब्याचा अंश झिंग्यांना, समुद्रफुलांना, प्रवाळाला विषासारखा. आपण तांब्याच्या हंड्यातलं पाणी औषध म्हणून पितो, तेच त्यांचं मरण. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, ‘म्हणजे माणसाला जे चांगलं ते सगळ्यांना चांगलं असं नाही.’ सगळे नळ, जोड, झडपा पीव्हीसीच्या घेतल्या. आणि पंपाच्या दोन्ही बाजूंना आटे फिरवून सुटणारे जोड, म्हणजे उद्या पंप धुवायचा झाला तर नळी करवतीने कापावी लागणार नाही.

आता वीज. आमच्याकडे वीज जाते. वीज गेली की पंप थांबतो, आणि वरचं पाणी कडेच्या पातळीपर्यंत खाली उतरतं. माझ्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे साडेदहा लिटर. दीड इंच उतरलं तर सोळा लिटर, नळ्यांतलं आणि कप्प्यातलं मिळून सात. असे तेवीस लिटर खाली येणार. गाळणटाकी ११० लिटरची, तिच्यात चालू स्थितीत साठ लिटर पाणी. म्हणजे पन्नासची जागा मोकळी. वर नावे, खाली जमा, ताळेबंद जुळला. मी खुशीत होतो.

साध्या पाण्याने पहिली चाचणी घेतली. पंप सुरू केला. सगळं सुरेख चाललं. मग मुद्दाम बटण बंद केलं आणि आम्ही तिघं — मी, ही, तो मुलगा आणि शेजारची दोन पोरं धरली तर पाच — बळदात पाहत उभे राहिलो. पाणी वाढत गेलं, वाढत गेलं आणि गाळणटाकीच्या काठावरून जमिनीवर आलं. ज्या नळीने पाणी वर चढतं तिचं तोंड मी पाण्याखाली पाच इंच ठेवलं होतं. पंप थांबताच तीच नळी उलट्या दिशेने पाणी ओढू लागली. आपण तोंडाने ओढून पिंपातलं रॉकेल डबीत काढायचो तसं. पाच इंचांचे बावन्न लिटर अधिक सात. पन्नासच्या जागेत एकोणसाठ. नऊ लिटर फरशीवर. कॅश बंद करताना नऊ रुपये कमी भरले, तरी आम्ही रात्री दहापर्यंत बसून शोधत असू. इथे चूक डोळ्यांपुढे वाहत होती.

उपाय एका छिद्राचा. नळीला पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या इंचावर बारीक भोक पाडायचं. पाणी तिथवर उतरलं की भोकातून हवा आत शिरते आणि ओढ तुटते. उलटं पाणी न येऊ देणारी झडपही मिळते, पण तिच्यात मिठाचा एक खडा अडकला की ती उघडी राहते. भोकाला बिघडण्यासारखं काही नसतं, फक्त ते अधूनमधून टोचून साफ ठेवायचं. तोंडही वर घेतलं. दुसऱ्या चाचणीत तेवीस लिटरच खाली आले. आमच्या औंढ्याजवळ दुधाळा परिसरात लायगोची वेधशाळा उभी राहते आहे. तिथे चार-चार किलोमीटर लांब, आतून निर्वात अशा दोन नळ्या असणार आहेत. त्यांच्या नळजोडणीची मी कल्पना करू शकत नाही. माझ्या एका इंची नळीनेच मला नऊ लिटरचा धडा दिला.

प्रवाळ नाही

खरा प्रश्न शेवटी उरला होता. प्रवाळ आणायचं का? एका मोठ्या शहरातल्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, ‘जिवंत खडक देतो, प्रवाळही देतो, पावती तेवढी मागू नका.’ पावतीवाचून व्यवहार मी चाळीस वर्षं केला नाही. चौकशी केली तर कळलं, की आपल्या कायद्याने २००१ पासून कठीण प्रवाळाला वाघाइतकंच संरक्षण आहे. समुद्रातून तोडणं, विकणं, बाळगणं, सगळंच गुन्हा.

कायदा बाजूला ठेवला तरी मन तयार नव्हतं. प्रवाळ म्हणजे असंख्य सूक्ष्म जिवांची वसाहत. त्यांच्या अंगात एकपेशी शैवाल भाडेकरूसारखं राहतं आणि उजेडातून साखर करून भाडं देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने आणि काही आठवडे तापलं, की मालक भाडेकरूला बाहेर काढतो. प्रवाळ पांढरं पडतं आणि फार दिवस तसं राहिलं तर उपाशी मरतं. लक्षद्वीपला हे १९९८, २०१०, २०१६ मध्ये झालं आणि २०२४ मध्ये पुन्हा झालं. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरांहून पुढे, भर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं आंग्रिया बँक हे बुडालेलं प्रवाळ-पठार आहे. मुंबईत सागरी रस्त्यासाठी २०२० मध्ये हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरची प्रवाळं उचलून दुसरीकडे बसवावी लागली. म्हणजे जे समुद्रातच तगून राहण्याची धडपड करतं आहे, ते मी बेचाळीस अंशांच्या मराठवाड्यात, वीज जाणाऱ्या गावात आणणार?

हिला विचारलं. ती म्हणाली, ‘मालवणातला दगड हलवायचा नाही. तो जिथे आहे तिथेच बरा.’

म्हणून आमच्या प्रवाळ-टाकीत प्रवाळ नाही. भाजलेल्या मातीचे सच्छिद्र दगड आहेत. त्या छिद्रांत उपयोगी जीवाणू वस्ती करतात. माशांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया विषारी. एक जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर एकही मासा सोडायचा नाही. खातं उघडलं त्याच दिवशी कर्ज मागणाऱ्याला आम्ही जे सांगायचो, तेच : थोडे दिवस व्यवहार दिसू द्या. नंतर विदूषक मासे आणायचे, तेही समुद्रातून पकडलेले नव्हेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने टाकीत या माशांची पैदास करण्याचं तंत्र बसवलेलं आहे आणि अशी पैदास केलेलेच मासे पावतीसह मिळतात. प्रवाळ नसल्याने पाणी शीतयंत्राने गार ठेवायचा खर्चही वाचला. उन्हाळ्यात पृष्ठभागावर एक लहान पंखा पुरेल. पंख्याने पाणी दोन अंशांनी उतरतं, पण रोजचं उडणारं पाणी दुप्पट होतं. ते वहीत मांडून ठेवलं आहे.

मीठही स्वयंपाकघरातलं चालत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट असं बरंच काही ठरलेल्या प्रमाणात लागतं. असं तयार मीठ मिळतं. आमच्या टाकीला आठ किलो लागलं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच घालायची. खारं घातलं तर समुद्र दिवसेंदिवस जास्त खारट होत जाईल.

बदललेलं खारं पाणी कुठे टाकायचं? झाडांना नाही, शेतात तर नाहीच. जमीन खारवली की काय होतं ते आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांना ठाऊक आहे. यावरची युक्ती हिची. ‘गच्चीवर परात ठेवा,’ ती म्हणाली, ‘मिठागरात दुसरं काय करतात?’ मोठा उथळ ट्रे आणला आहे. बावीस लिटर पाणी उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत आटतं आणि पाऊण किलो मीठ मागे उरतं, तेवढंच कचऱ्यात जातं. पावसाळ्यापुरते डबे भरून ठेवायचे. औंढ्यातलं पहिलं मिठागर आमच्या गच्चीवर आहे.

सध्या टाकीत खारं पाणी फिरतं आहे, दगड आहेत, मासे नाहीत. तिसरा आठवडा चालू आहे. परवा दुपारी मी बाहेरून आलो तर ही माजघरात खुर्ची टाकून टाकीसमोर बसली होती. पंपाचं बटण तिच्या हाताशी. तिने ते बंद केलं. पाणी हळूहळू दीड इंच उतरलं, वरचे दोन दगड उघडे पडले, ओले, चमकणारे. थोडा वेळ तशीच बसून राहिली आणि मग बटण सुरू केलं. पाणी पुन्हा चढत गेलं.

‘पंप सारखा बंद-चालू केला तर खराब होईल,’ मी म्हणालो.

‘दिवसातून दोनदाच करते,’ ती म्हणाली. ‘भरती-ओहोटी दोनदाच असते.’

मी वही काढली आणि त्या दिवसाच्या पानावर तेवढी नोंद केली.